पुन्हा एकदा कोरी पाटी
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले भाषण)



हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या मधल्या दालनात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले आहे. दरवर्षीच्या स्नेहसंमेलनातही असे प्रदर्शन भरते, आणि दरवर्षी त्या दालनात एक वाक्य हटकून ऐकू येते. आई किंवा वडील आपल्या मुलाच्या चित्रापुढे उभे राहतात, कौतुकाने पाहतात आणि शेजारच्या पालकांना म्हणतात, ‘‘आमच्या घरात हे कुठून आले कोण जाणे! आम्हांला तर साधी सरळ रेघ मारता येत नाही.’’ वाक्य विनयाचे असते. बोलणाऱ्याच्या मनात दुसरे काही नसते. मात्र बोट धरून उभे असलेले मूल ते ऐकत असते. चौथीतले ते मूल आठवीत गेले, की तेच वाक्य स्वतःविषयी उच्चारू लागते.

या वाक्याचे मूळ घरात शोधण्याआधी शाळेने स्वतःकडे पाहिले पाहिजे. नववी-दहावीच्या वेळापत्रकात सर्वांत आधी आक्रसतो तो चित्रकलेचा तास. बीजगणिताचा एखादा भाग राहिला, की तोच तास मागून घेतला जातो आणि चित्रकलेचे शिक्षक भिडेपोटी तो देऊनही टाकतात. साठ वर्षांत या शाळेनेही असे किती तास घेतले असतील, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आज या सभागृहात बसलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या, काही साठीच्याही विद्यार्थ्यांचे ते तास शाळेकडे बाकी आहेत. ही बाकी प्रौढ वयात कशी वसूल करता येईल, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रौढ माणसाला ही बाकी आठवण्याचे काही ठरावीक काळ असतात. मुले परगावी शिकायला जातात आणि घर संध्याकाळी शांत होते. नोकरीतून निवृत्तीचा दिवस येतो. एखादे आजारपण किंवा वियोग माणसाला थांबवतो. दिवसभर पडद्यावर बोटे फिरवून आलेल्या तरुण आईलाही रात्री वाटते, की आज हातांनी काहीच केले नाही. अशा वेळी माणूस कलेची कार्यशाळा शोधू लागतो, आणि शोधणाऱ्याला आज पर्यायांची वाण नाही. कोणत्याही मोठ्या शहरात शनिवार-रविवारी मातीची, छपाईची, रंगांची निमंत्रणे असतात. अडचण निवडीची असते.

यांतील पुष्कळशा कार्यशाळा दोन तासांच्या असतात. कापडी फलकावर आकृतीची बाह्यरेखा आधीच काढलेली असते, रंग वाट्यांत भरून ठेवलेले असतात, अखेरीस चित्रासह छायाचित्र निघते. दोन घटकांची करमणूक म्हणून त्यात वावगे काहीच नाही. पण तेथून घरी आलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कुंचला हाती घेतो का, हे पाहिले तर उत्तर बहुधा नकारार्थी येते. कारण उघड आहे. तेथे चुकण्याची सोयच नव्हती, आणि जेथे चुकता येत नाही तेथे शिकताही येत नाही. हे तत्त्व शिक्षकांना ठाऊक असते, परंतु ते फक्त मुलांना लागू आहे असा सर्वांचा समज असतो.

खरी प्रेरणा देणाऱ्या कार्यशाळेची ओळख एका गोष्टीवरून पटते. ती प्रौढ माणसाला पुन्हा विद्यार्थी होऊ देते. त्यासाठी अस्सल साहित्य लागते, ज्याच्या हातात ते काम मुरले आहे असा गुरू लागतो, आणि चूक करून ती दुरुस्त करण्याइतका वेळ लागतो.

याचे एक उत्तम उदाहरण कच्छमध्ये आहे. तेथील अजरख ही ठशांची छपाई खत्री घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पाहणाऱ्याला वाटते, ठसा रंगात बुडवला आणि कापडावर उठवला की झाले. प्रत्यक्षात कापड चौदा ते सोळा टप्प्यांतून जाते. प्रथम ते धुऊन त्यातली खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे, मग चुना आणि डिंक यांच्या मिश्रणाने नक्षीच्या रेषा छापायच्या, म्हणजे त्या जागी रंग चढत नाही. काळ्या रंगासाठी गंजके लोखंड गुळाबरोबर कित्येक दिवस आंबवून ठेवायचे. लाल रंग हवा तेथे तुरटीचा लेप, आणि त्यानंतर निळीचा हौद. निळीतून कापड वर येते तेव्हा ते हिरवट-पिवळे दिसते. हवा लागता लागता डोळ्यांदेखत ते निळे होत जाते. मधूनमधून धुणे आणि वाळवणे चालूच असते. नवशिक्या माणसाला चार दिवसांत यातले थोडेच जमते. परंतु ऊन नसेल तर काम थांबते आणि त्याबद्दल कोणावरही रागावता येत नाही, एवढे मात्र तो पहिल्या दिवशीच शिकतो. कार्यालयात सारे काही तातडीने मागणाऱ्या माणसासाठी हा धडा लहान नव्हे.

या कलेचा पाण्याशी किती घट्ट संबंध आहे, ते 2001 च्या भूकंपाने दाखवले. धमडका या जुन्या गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, पाणी खोल गेले आणि रंग बिघडू लागले. तेव्हा अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. चांगल्या पाण्यासाठी गाव बदलणारा माणूस शिकवायला समोर बसतो, तेव्हा शिकणाऱ्याच्या हातातला ठसा आपोआप अधिक जबाबदारीने उचलला जातो. त्याच गावात 2016 पासून हस्तकलांचे एक मोठे संग्रहालयही उभे आहे. जाणाऱ्याने आधी ते पाहावे आणि मग ठसा हाती घ्यावा.

दुसरे उदाहरण मातीचे आहे. या शाळेचे एक माजी विद्यार्थी बँकेतून निवृत्त झाल्यावर कुंभारकामाच्या निवासी कार्यशाळेला गेले. पस्तीस वर्षे आकडे चुकू न देणारे ते गृहस्थ होते. पहिले दोन दिवस त्यांचा मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर स्थिर राहीना. हात जरा थरथरला की गोळा डोलू लागे, जोर केला की भिंत फाटे. तिसऱ्या दिवशी एक वाडगे नीट उभे राहिले. त्यांनी आनंदाने ते शिक्षकाला दाखवले. शिक्षकाने शांतपणे तार घेतली आणि वाडगे मधोमध कापले. भिंत तळाशी जाड आणि काठाशी पातळ होती, हे कापल्याशिवाय दिसले नसते. गृहस्थांना क्षणभर वाईट वाटले, आणि मग त्यांनी स्वतःच पुढची सारी भांडी कापून पाहिली. कार्यशाळा संपली तेव्हा त्यांच्याकडे घरी नेण्यासारखे काहीच नव्हते, कारण माती सावकाश वाळावी लागते, मग एकदा भाजावी लागते, झिलई देऊन पुन्हा भाजावी लागते. तीन वाडगी सहा आठवड्यांनी टपालाने आली. त्यांतले एक किंचित कलते आहे. तेच त्यांनी बैठकीच्या खोलीत ठेवले आहे आणि त्यांची नात त्यात खडू ठेवते.

मातीकामासाठी भारतात चांगली ठिकाणे आहेत. हिमाचल प्रदेशात पालमपूरजवळच्या अंद्रेटा गावी 1983 पासून कुंभारशाळा चालते. दिल्लीत 1952 साली निळ्या मृत्पात्रांची कार्यशाला उभारणारे सरदार गुरचरणसिंग यांच्या पुत्राने आणि सुनेने ती सुरू केली. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी स्थापन केली, आणि तेथे शिकलेले कलावंत आज देशभर आपापली चाके फिरवीत आहेत. घराजवळचा शिक्षक शोधताना तो कोठे आणि कोणापाशी शिकला हे विचारावे. चांगला शिक्षक आपल्या गुरूचे नाव आनंदाने सांगतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने या संदर्भात एक नाव अवश्य लक्षात ठेवावे. ते म्हणजे भास्कर कुलकर्णी. 1966-67 च्या सुमारास बिहारमध्ये भीषण दुष्काळ होता. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने पुपुल जयकर यांनी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवले. तेथील स्त्रिया लग्नाच्या वेळी घराच्या भिंती चितारीत. तीच चित्रे कागदावर उतरली तर त्यांना चार पैसे मिळतील, अशी कल्पना होती. कुलकर्णी कागद घेऊन खेडोपाडी गेले. त्या स्त्रियांना चित्रकला शिकवण्याचा आव त्यांनी आणला नाही. त्यांच्या भिंतींवर काय आहे हे त्यांनी ओळखले आणि कागद पुढे केला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावे पुढे देशभर गाजली, आणि 1975 साली जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. पुढे हेच कुलकर्णी वारली पाड्यांवर पोहोचले. जिव्या सोमा मशे यांच्या कलेला प्रोत्साहन देणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. 2011 मध्ये मशे यांनाही पद्मश्रीचा सन्मान मिळाला.

या इतिहासात आजच्या विषयाचे सार आहे. मिथिलेच्या त्या स्त्रिया प्रौढ होत्या, संसारी होत्या, बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. ‘तुला चित्र येत नाही’ हे वाक्यही त्यांना कोणी ऐकवलेले नव्हते. घरातले लग्न म्हटले की भिंत रंगवायची, आणि घरातल्या सर्वजणींनी हात लावायचा, एवढेच त्यांना ठाऊक होते. म्हणून कागद समोर येताच त्यांचे हात चालू लागले. शिकलेल्या माणसाचा हात तेथेच अडखळतो. त्याला कलेआधी स्वतःविषयीचे मत पुसावे लागते.

हे मत कोणत्याही वयात पुसता येते. रवींद्रनाथ ठाकूर यांचा जन्म 1861 चा. हस्तलिखितातील खाडाखोडीच्या रेषा जोडता जोडता त्यांतून आकृत्या उमटू लागल्या, आणि साठी ओलांडल्यावर ते झपाटल्यासारखे चित्रे काढू लागले. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन 1930 मध्ये पॅरिसला भरले. जगन्मान्य कवीला उतारवयात नव्या कलेचा नवशिका होण्याचा संकोच वाटला नाही. निवृत्त अधिकाऱ्याने किंवा गृहिणीने तो का बाळगावा?

आता प्रश्न उरतो तो कार्यशाळा शोधण्याचा. या शाळेचे विद्यार्थी देशभर विखुरले आहेत, आणि पहिला सल्ला त्यांच्यासाठीच आहे. जेथे राहता, तेथल्या मातीची कला आधी पाहावी. ओडिशात असणाऱ्याने पुरीजवळच्या रघुराजपूरला जावे. तेथे जवळजवळ प्रत्येक ओसरीवर पट्टचित्राचे काम चालते. चिंचोक्याच्या खळीने आणि खडूच्या पुडीने कापड तयार करून ते घोटण्यातच नवख्याचा पहिला दिवस जातो. चेन्नईकरांना मुट्टुकाडूचे दक्षिणचित्र जवळ आहे. 1996 पासून तेथे दक्षिणेकडील जुनी घरे पुन्हा उभी करून त्यांच्या अंगणात कारागीर बसवले आहेत. अहमदाबादेत 1984 पासून कनोरिया कलाकेंद्र आहे, भोपाळात 1982 पासून भारत भवन आहे. दोन्ही ठिकाणी मृत्तिकाशिल्प आणि मुद्राचित्रण यांच्या कार्यशाला आहेत, आणि काम करणाऱ्या कलावंतांना नुसते पाहणे हेही शिक्षणच असते. वडोदऱ्याच्या विद्यापीठात 1950 साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तेथे शिकवू लागले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना कलेचे वावडे नव्हते, याची ही साक्ष आहे. सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांनी कुडाळजवळचे पिंगुळी पाहावे. ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तेथे आहे, आणि त्या परंपरेचे वारसदार परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली आहे.

ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांनी हस्तकलांच्या मेळ्यांत जावे. दिल्लीजवळ सूरजकुंडचा मेळा 1987 पासून भरतो, आणि लहानमोठे मेळे बहुतेक शहरांत होतात. तेथे खरेदी करून निघून न जाता दुपारच्या निवांत वेळी कारागिराशेजारी बसावे, त्याचे काम पाहावे, आणि तो शिकवतो का असे विचारावे. अनेकदा उत्तम गुरू असाच भेटतो.

कार्यशाळेत नाव नोंदवण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. शिकवणार कोण, आणि ते काम तो स्वतः रोज करतो का? एका शिक्षकामागे शिकणारे किती? दहा-बारांहून अधिक असतील, तर हाताकडे लक्ष पोहोचत नाही. साहित्य कच्चे मिळणार की अर्धे तयार? माती मळण्यापासून, कापड धुण्यापासून सुरुवात असेल तर उत्तम. बिघडलेली वस्तू पुन्हा करायला वेळ आहे का? आणि पाचवा प्रश्न संकोच सोडून विचारावा, की शुल्कातील किती वाटा शिकवणाऱ्या कारागिराला मिळतो? कारागीर एक दिवस शिकवतो तेव्हा त्या दिवसाची त्याची कमाई बुडते. पिढ्यांचे ज्ञान देणाऱ्याशी भाजीसारखी घासाघीस करणे मराठी घराला शोभत नाही. शिकवण्याचे मोल त्याला मिळाले, तरच त्याचा मुलगा किंवा मुलगी ही विद्या पुढे चालवील.

शिकणाऱ्यासाठीही तीन पथ्ये आहेत. पहिले दोन दिवस छायाचित्रे काढू नयेत. ओले हात हे त्याचे उत्तम निमित्त आहे. शेजारच्याच्या कामाशी स्वतःचे काम ताडून पाहू नये. आणि कारागिराचे शब्द त्याच्याच भाषेत टिपून ठेवावेत. ठशाच्या, सुताच्या, मातीच्या प्रत्येक अवस्थेला त्याच्या बोलीत नाव असते. परप्रांतात राहून मराठी जपणाऱ्यांना एखादा शब्द हरवला म्हणजे त्याबरोबर काय हरवते, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

कार्यशाळेची खरी परीक्षा ती संपल्यावर होते. घरी परतल्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ आणि टेबलाचा एक कोपरा त्या कामासाठी राखता आला, तर ती फळली असे समजावे. तो कोपरा मुलांच्या नजरेसमोर असावा. आई चुकते, पुसते, पुन्हा करते, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला अभ्यासातल्या चुकीची धास्ती कमी वाटते. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हातांचे काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी मांडले, ते मुलांसाठी. परंतु ज्या घरात मोठ्यांचे हात रिकामे आहेत, तेथे मुलांना हे तत्त्व पटवून देणे शाळेला कठीण जाते.

आरंभी ज्या बाकीचा उल्लेख झाला, तिची परतफेड शाळेने या वर्षापासून करावयाची ठरवली आहे. प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चित्रकलेचा वर्ग पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी उघडा राहील. शिकवायला या शहरातील आणि पंचक्रोशीतील कारागीर येतील, आणि त्यांना पूर्ण मानधन दिले जाईल. तेथे परीक्षा नसेल, प्रमाणपत्रही नसेल. त्याचबरोबर शिक्षकसभेने असेही ठरवले आहे, की कोणत्याही विषयाचा भाग राहिला तरी चित्रकलेचा तास यापुढे मागितला जाणार नाही.

पुढील वर्षी मधल्या दालनात पुन्हा प्रदर्शन भरेल. त्यातील खिडकीकडची भिंत पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्यावहिल्या कामांसाठी राखून ठेवली आहे. कललेली वाडगी, हललेले ठसे, वाकडी रेघ, सर्वांना तेथे जागा आहे. त्या दिवशी एखादे मूल आईचे बोट धरून त्या भिंतीपुढे उभे राहील आणि शेजारच्या मुलाला सांगेल, ‘‘हे माझ्या आईने केले. पहिल्यांदा बिघडले होते, मग तिने पुन्हा केले.’’ शाळेचे साठ वर्षांचे देणे त्या वाक्याने फिटू लागेल.